टिकलीचा गोंद आणि कपाळावरचा डाग

कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखण्याची रीत एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होती. कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असे. आज बहुतेक घरांत तिची जागा चिकटविण्याच्या टिकलीने घेतली आहे. टिकली स्वस्त, सुटसुटीत आणि घामाने न ओघळणारी खरी. परंतु तिला कपाळावर धरून ठेवणारा गोंद निरुपद्रवी असतोच असे नाही, याची जाणीव फार थोड्यांना आहे.

अनेक टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल हे रसायन आढळले आहे. त्याचा अपाय दोन प्रकारे होतो. काहींच्या त्वचेला त्याचे वावडे निर्माण होते. मग टिकलीच्या जागी खाज सुटते, त्वचा लाल होते, पुरळ उठते. हे वावडे वर्षानुवर्षे टिकली लावल्यानंतरही उद्भवू शकते. म्हणूनच टिकलीवर संशय जात नाही.

दुसरा अपाय अधिक फसवा आहे. त्वचेतील रंगपेशी टायरोसिन या द्रव्यापासून रंगद्रव्य तयार करतात. या रसायनाची रचना टायरोसिनशी मिळतीजुळती असल्याने त्याचा घाला थेट रंगपेशींवर पडतो. त्या नष्ट झाल्या की टिकलीच्या जागी पांढरा डाग उमटतो, आणि तोही कधी कधी खाज न सुटता. हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांनाही असे डाग पडल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे.

डागापेक्षा त्याविषयीची कुजबुज अधिक जाचक ठरते. कोणी त्याला कोड म्हणतो, कोणी कुष्ठरोग. आणि मुलीच्या लग्नाची बोलणी थांबतात. वस्तुतः कोड संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोग औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. तेव्हा बहिष्काराला कोणताच आधार नाही. मात्र डागाचे निदान शेजारीपाजारी न करता डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

खाज किंवा फिकटपणा दिसताच टिकली लावणे बंद करावे. नुसती जागा बदलून भागत नाही. नव्या जागीही डाग पडू शकतो. लवकर थांबविल्यास काहींचा रंग परत येतो. विलंब झाल्यास डाग पसरू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना टिकलीचे पाकीट सोबत न्यावे. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित द्रव्याची पट्टी दोन दिवस ठेवून वावड्याची खात्री करून घेतात. याच रसायनाची राळ चपला आणि घड्याळाचे चामडी पट्टे यांच्या गोंदातही असते, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना त्रास नाही, त्यांनीही रात्री टिकली काढून कपाळ धुवावे.

शिक्षकांनी वर्गात, पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि बचत गटांच्या बैठकीत एवढी माहिती पोहोचविली, तर कपाळावरच्या एका डागापायी एखाद्या मुलीच्या वाट्याला येणारी अवहेलना टळू शकेल.