डोकं दुखतंय म्हणणारं मूल



माझ्या दवाखान्यात अनेक आया आल्या आल्या टेबलावर फाईल ठेवतात. डोळे तपासून झालेले, चष्म्याचा नंबर नाही, सायनसचा एक्स-रे झालेला, कुणी तर एमआरआयसुद्धा करून आणलेला. आणि मग मुलीसमोरच म्हणतात, "डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे. मग हिचं दुखतं कसं? परीक्षा आली की बरोबर दुखतं." सहावी-सातवीतली ती पोर मान खाली घालून दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत बसलेली असते. आजचं माझं बोलणं तिच्या बाजूने आहे. एमआरआय नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. बऱ्याचदा ते मायग्रेन असतं, आणि मायग्रेन फोटोत दिसत नाही.

मुलांमध्ये ते बहुधा कपाळभर, दोन्ही बाजूंना ठणकतं. दोन तासांत संपूही शकतं. मूल ओकतं, उजेड नको म्हणतं, अंधारात झोपतं आणि उठून थेट खेळायला पळतं. तिथेच आपला संशय बळावतो, की आत्ता तर लोळत होता! अहो, झोपेने उतार पडणं ही मुलांच्या मायग्रेनची ओळखच आहे. आपण त्याला पित्त म्हणतो, बाम चोळतो. स्वीडनच्या उप्साला शहरात डॉ. बो बिले यांनी जवळजवळ ९,००० शाळकरी मुलांची पाहणी केली, ती १९६२ साली प्रसिद्ध झाली. शंभरात चार मुलांना मायग्रेन होतं. म्हणजे आपल्याकडच्या पन्नासाच्या वर्गात दोन मुलं धरा.

आता मनाचं सांगतो. चुलीवर दूध ठेवलंय असं समजा. जाळ सगळ्यांच्याच चुलीत आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सकाळी उपाशीपोटी शाळा, आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, क्लासची चाचणी. पण या मुलांचं पातेलं मुळातच काठोकाठ भरलेलं असतं. बहुतेकदा ते आई, मावशी, आजीकडून आलेलं असतं. दुसऱ्याचं दूध नुसतं तापतं, यांचं उतू जातं. एकदा उतू गेलं की मूल धास्तीने पातेल्यावरच नजर ठेवून बसतं. सहलीला नको, मैदानावर नको, वर्गात दुखलं तर काय? ही धास्ती म्हणजे चुलीत सारलेलं आणखी एक लाकूड. शाळेत कुणी चिडवत असेल तर तेही लाकूड. आणि "नाटकं करू नकोस" हे आपलं वाक्य, तेही लाकूडच. चिंता आणि उदासी दुखणं वाढवतात, दुखणं चिंता वाढवतं. आधी काय झालं यावर घरात वाद घालत बसू नका. जाळ कमी करा.

अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर मायग्रेन रोखणारी दोन औषधं तपासली, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले ते एका औषधाने ५२ टक्के मुलांचे, दुसऱ्याने ५५ टक्के, आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीने ६१ टक्के मुलांचे! लगेच म्हणाल, बघा, नाटकच होतं. नाही हो. दुखणं खरं होतं आणि ते खरंच कमी झालं. दर खेपेला कुणीतरी नीट विचारपूस करतंय, आपण बरे होऊ असं वाटतंय, यात केवढी ताकद आहे ते बघा. त्याआधी २०१३ मध्ये, महिन्यातले निम्मे दिवस दुखणाऱ्या १३५ मुलांचा अभ्यास झाला होता. औषधाला समुपदेशनाची जोड दिली, अंग सैल सोडायला आणि भीतीच्या विचारांना तोंड द्यायला शिकवलं, तेव्हा ६६ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले. औषध आणि नुसती माहिती दिलेल्यांत ३६ टक्के. चालू असलेलं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

परत सांगतो, दुखतंय म्हणणारं मूल खोटं बोलत नाही. त्याला दोन गोष्टी विचारा, डोकं कसं आहे आणि शाळेत कसं चाललंय. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, तेही बघा. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि तेही लाकूडच.

मिनिटभरच उरलंय. डोकेदुखीने रात्री झोपमोड होत असेल, सकाळी उठल्या उठल्या उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, नजर अंधूक होत असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. दुखण्याच्या गोळ्या आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त लागत असतील तर त्या गोळ्यांनीच दुखणं वाढतं... ते सविस्तर पुन्हा कधीतरी. मूल गप्प गप्प राहत असेल, शाळेचं नाव काढताच रडत असेल तर आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बालरोग विभागही आहे आणि मनोविकार विभागही. दुसऱ्या दाराशी जायला लाजू नका. तेही जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून घ्या, फोन फुकट लागतो, दिवसा-रात्री केव्हाही. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा.