मुलांच्या सहलीत पालकांचे स्थान
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर ज्ञातीचा इतिहास, तरुणांपुढील व्यवसाय, विवाहकार्यातील वाढता खर्च अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत प्राथमिक शाळेतील मुलांच्या सहलीसारखा किरकोळ विषय कोणी घेऊन यावा, याचे काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटले असेल. मी विद्वान नाही. गेल्या सहा वर्षांत माझ्या दोन मुलांच्या शाळेबरोबर नऊ वेळा सहलीस जाऊन आलेला एक पालक, एवढाच माझा अधिकार. मात्र या नऊ वेळांपैकी सात वेळा त्या गाडीत पुरुष पालक असा मी एकटाच होतो, ही गोष्ट आपल्यासारख्या सुशिक्षित समाजास विचार करावयास लावणारी आहे, असे मला नम्रपणे वाटते.

सहल ही काही शाळांनी नव्याने काढलेली टूम नव्हे. कार्तिकात आवळीभोजनासाठी घरची पोराबाळांसह सारी मंडळी आवळीच्या झाडाखाली जाऊन बसत, ती पद्धत आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. बालशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी तर शाळेच्या भिंती केव्हाच ओलांडल्या आहेत. भावनगर येथील दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि 1957 साली ते कोसबादच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरविली, आणि तिचे नावही ‘कुरणशाळा’ असेच पडले. मुले जेथे असतील तेथे शिक्षण न्यावे, हा तो विचार. शिकण्याजोगे जेथे असेल तेथे मुलांना न्यावे, ही त्याचीच दुसरी बाजू होय.

परंतु चाळीस मुले आणि दोन शिक्षिका, एवढ्या बळावर ही दुसरी बाजू सांभाळणे किती कठीण आहे, हे गाडीत बसल्यावाचून कळत नाही. पहिल्या अर्ध्या तासात दोघांना ओकारी येते, एकीची पाण्याची बाटली घरी राहिलेली असते, आणि एकास आईची आठवण होऊन रडू कोसळते. अशा वेळी खिशात आलेपाकाच्या वड्या आणि चार रिकाम्या पिशव्या बाळगणारा एखादा पालक जवळ असणे, हे शिक्षिकांच्या दृष्टीने केवढे साहाय्य असते!

आता पालकाने तेथे जाऊन करावयाचे काय? माझ्या मते पहिली गोष्ट अशी की, त्याने आपल्या अपत्याचा पालक म्हणून जाऊ नये. मी दर वेळी शिक्षिकांना विनंती करतो की, माझे मूल माझ्या गटात देऊ नका. त्याची आठ मित्रमंडळी माझ्याकडे द्या, आणि त्याला दुसऱ्या कोणाकडे सोपवा. यामुळे मुलास मोकळेपणा मिळतो, आणि आपली नजर एकाच्याच टोपीवर नि डब्यावर खिळून राहत नाही. दिवसभर सारी मुले मला ‘काका’ म्हणतात. एकदा तर त्या भरात माझे चिरंजीवही मला ‘काका’ म्हणून मोकळे झाले; घरी पोहोचेपर्यंत आमचे तेच नाते राहिले. जे पालक दिवसभर मोबाईल पुढे धरून आपल्याच बाळाची छायाचित्रे काढीत राहतात, त्यांनी खुशाल घरी राहावे; छायाचित्रे शिक्षिकाही पाठवितात.

दुसरी इयत्तेची पहिली सहल नजीकच्या टपालकचेरीत होती. सहल कसली, दहा मिनिटांची पायवाट! पण तिच्याइतकी मोलाची सहल मी क्वचितच पाहिली. पिन कोडातील सहा आकड्यांचा अर्थ तेथील एका कर्मचाऱ्याने मुलांना फार सुरेख समजावून दिला. पहिला आकडा विभागाचा, म्हणून महाराष्ट्रातील प्रत्येक पत्त्याच्या पिनची सुरुवात 4 ने होते. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वाटणी करणारा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या कचेरीचे असतात. ही योजना 1972 च्या 15 ऑगस्टपासून सुरू झाली, आणि ती आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे मी मुलांना सांगितले. कवी आकडेमोडही करतो, याचे मुलांना भारी कौतुक वाटले.

नंतर प्रत्येकाने एकेक पोस्टकार्ड घेऊन स्वतःच्या घरी पत्र लिहावयाचे होते. माझ्या गटातील एक मुलगा पेन्सिल धरून तसाच बसून राहिला. विचारले, तेव्हा म्हणाला, “आमच्या घराला नंबर नाही.” पुलापलीकडील वस्तीत त्याचे घर. वस्तीचे नाव त्याला येत होते, पण त्यापुढे काय लिहावे, ते त्याला ठाऊक नव्हते. शिक्षिकांनी त्याला शाळेचा पत्ता लिहावयास सांगितले आणि आईचे नाव वर घालावयास लावले. पाच दिवसांनी ते कार्ड शाळेत आले. त्याची आई ते न्यावयास कामावरून परस्पर शाळेत आली होती. पिन कोडाचा धडा पुस्तकातही आहे. परंतु वर्गातील एका मुलाच्या घराला पत्ताच नाही, ही गोष्ट उरलेल्या एकोणचाळीस मुलांना आणि मला पुस्तकातून कळली नसती.

तिसरीत असताना मुलांना भायखळ्यास नेले. राणीच्या बागेत शिरताच मुलांचा लोंढा पेंग्विनकडे धावला, हे सांगणे नलगे. त्यानंतर शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो. 1872 साली लोकांस खुले झालेले हे मुंबईतील जुने संग्रहालय. 1975 पासून त्यास भाऊ दाजींचे नाव आहे. काचेच्या कपाटांत मातीच्या लहान लहान मूर्ती मांडलेल्या होत्या: निरनिराळ्या ज्ञातींचे लोक, त्यांच्या पगड्या, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. खरे सांगावयाचे तर माझी नजर आपल्याकडील पगडीच शोधीत होती. हा मनुष्यस्वभाव आहे. एवढ्यात गटातील एकाने विचारले, “काका, यांत आपण कोणते?”

मंडळी, हा प्रश्न अनेकवचनी होता. त्याच्या ‘आपण’मध्ये आठ घरांची आठ मुले होती, आणि त्या आठांना पुरेल अशी एकही मूर्ती कपाटात नव्हती. मी उत्तर देण्यापूर्वीच मुलांनी आपापल्या आईबापांचे धंदे शोधावयास आरंभ केला. एका मुलीचा शोध संपेना. तिचे वडील रिक्षा चालवितात. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी मूर्ती घडविणाऱ्यास रिक्षा कोठून माहीत असणार? शाळेत परतल्यावर मुलांनी शाडूची रिक्षा केली, आणि चालकासह ती वर्गाच्या खिडकीत ठेवली. आपण एका ज्ञातीचे म्हणून येथे जमलो आहोत, त्याबद्दल मला संकोच नाही. तथापि आपली मुले ज्या ‘आपण’मध्ये वाढत आहेत, तो या सभागृहाहून मोठा आहे, हे मी त्या कपाटासमोर उभा राहून ऐकले, आणि ते आपल्या कानी घालणे मला माझे कर्तव्य वाटते.

हीच गोष्ट डब्याची. चौथीची सहल कान्हेरीस गेली होती. काळ्या खडकात कोरलेली शंभरांहून अधिक लेणी. त्यांच्याजवळ पावसाचे पाणी साठविण्याची टाकी, ज्यांस पोढी म्हणतात, आणि पाणी आणणाऱ्या खोदीव पन्हळी. चैत्यगृहातील उंच खांबांकडे मुलांनी आदराने पाहिले. पण खरी रमली ती पन्हळींत. बाटलीतील घोटभर पाणी ओतून ते कोठवर जाते, हे पाहण्यात त्यांनी पाऊण तास घालविला, आणि मी त्यांस तो घालवू दिला. जेवणाच्या वेळी मात्र एक पालकबाई आपल्या मुलीस दबल्या आवाजात सांगू लागल्या की, अमकीच्या डब्यातले घेऊ नकोस. कारण त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची आवश्यकताही नव्हती. शिक्षिका बोलू शकल्या नाहीत, कारण पालकांस काय म्हणणार? मी माझा डबा घेऊन त्या ‘अमकी’शेजारी बसलो, तिच्या डब्यातील धपाटा मागून घेतला आणि तिला पोळीचा लाडू दिला. धपाटा उत्तम होता. मग बाकीची मुलेही हात पुढे करू लागली. त्या बाईंची मुलगी मात्र शेवटपर्यंत आईकडे पाहत बसली. पालक जर हेच शिकविण्यास येणार असतील, तर पालक नसलेलीच सहल बरी.

सुरक्षिततेविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. 2024 च्या 18 जानेवारीस वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून 12 मुले व 2 शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. क्षमतेहून अधिक माणसे नावेत होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेटे नव्हती. पालक सोबत असते तर हे टळलेच असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ‘या नावेत किती बसावयाचे?’ हा प्रश्न मोठ्याने विचारणारे एक तोंड अधिक असणे, याचे मोल मी त्या दिवसापासून जाणतो. मी स्वतः गाडीत चढताना, उतरताना, आणि स्वच्छतागृहाहून परतल्यावर आठ डोकी मोजतो. मुले हसतात. हसोत.

शाळेच्या कारभारात पालकांस स्थान देण्याचे तत्त्व कायद्यासही मान्य आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. समितीत बसणे सोपे. गाडीत बसावयास एक दिवसाची रजा पडते. ज्यांना रजा मिळते त्यांनी ती घ्यावी, कारण वर्गातील कित्येकांच्या आईबापांस खाडा केल्यास त्या दिवसाची मजुरी मिळत नाही. आपण जातो ते त्यांच्याही वतीने जातो.

आणि शेवटची गोष्ट वर्गणीची. कान्हेरीच्या दिवशी हजेरीपटावरील तीन मुले आली नाहीत. पैकी एक आजारी होते. उरलेल्या दोघांची वर्गणी आली नव्हती, आणि हे शिक्षिकांस आदल्या सायंकाळी समजले. आपल्या मंडळाचा विद्यार्थी-साहाय्य निधी उच्च शिक्षणासाठी आहे, आणि तो ज्ञातीतील विद्यार्थ्यांपुरता आहे. त्यातील एक लहानसा भाग आपली मुले ज्या प्राथमिक शाळांत जातात, तेथील मुख्याध्यापकांच्या हाती सहलीच्या वर्गणीसाठी द्यावा, आणि तो कोणत्या मुलासाठी खर्च झाला, हे मंडळाने विचारू नये, असा ठराव मी लेखी दिला आहे. निधी ज्ञातीचा असता तो ज्ञातीबाहेर का जावा, असा आक्षेप कार्यकारी मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी घेतला आहे, आणि तो त्यांनी मजसमोर स्पष्टपणे घेतला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनीही आपले म्हणणे सभेपुढे सविस्तर मांडावे.

ठराव आजच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सातवा आहे. सभा चार वाजता सुरू होईल. भोजनोत्तर घरी जाण्याची घाई न करता सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, तेथवर थांबावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.