कऱ्हाकांठ

सोमवती अमावास्येस जेजुरीच्या खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानास जाते. देवाचा हा नेम चुकत नाहीं. नदीचा मात्र चुकतो. अवर्षणाच्या सालीं पात्रांत खडक आणि वाळू एवढेंच उरतें.

पालखीच्या वाटेनें दिवे घाट चढून सासवडास गेलेल्या श्रोत्यांना ही नदी परिचित असेल. पुरंदर तालुक्यांत गराडें गांवाजवळच्या डोंगरांत ती उगम पावते. सासवड, मोरगांव आणि बारामती यांवरून आग्नेयेकडे जाऊन ती सोनगांवाजवळ नीरेस मिळते. पुढें नीरा भीमेस, भीमा कृष्णेस, आणि अखेरीस हें पाणी पूर्वसमुद्रास जातें.

नकाशांत ही रेघ अखंड आहे. प्रत्यक्षांत ती मोसमी आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांतील बहुतेक बाष्प सह्याद्रीच्या माथ्यावरच पडून जातें आणि हें खोरें पर्जन्यछायेंत राहतें. खालीं काळा खडक. त्याच्या भेगांत व वरच्या मुरमांत जें मुरेल तेंच विहिरींस आणि नदीस पुरवावयाचें. तो सांठा सरला कीं प्रथम ओढे आटतात, मग नदी.

या उण्या पाण्यावरच खोऱ्यानें संसार मांडला. शेतांत ज्वारी-बाजरी, उतारावर सीताफळ, विहिरीच्या आधारानें अंजीर. पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही लाभलें. कविवर्य मोरोपंतांचें वास्तव्य बारामतीस याच नदीच्या कांठीं होतें. जेजुरीनजीक नाझरे येथें धरण बांधून पावसाचें पाणी अडविलें आहे.

परंतु कोरड्या नदीवर फार विसंबूं नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं मुसळधार पाऊस झाला. पुण्यांत आंबिल ओढा वस्त्यांत शिरला आणि माणसें दगावलीं. डोंगरापलीकडे कऱ्हा फुगली, नाझऱ्याच्या धरणांतून पाणी सोडावें लागलें आणि बारामतींत नदीकांठच्या कुटुंबांना घरें सोडून जावें लागलें. वर्षभर निर्जीव भासणारें पात्र त्या रात्रीं अपुरें पडलें.

मोसमी नदीचें माप उन्हाळ्यांत घेतां येत नाहीं. तिच्या वाळूंत कांठच्या विहिरींचें पाणी असतें आणि तिच्या रिकाम्या पात्रांत पुराची वाट असते. वाळू उपसली तर विहीर आटते; भराव घातला तर पूर घरांत येतो. कऱ्हाकांठचा शेतकरी आणि ओढ्याकांठचा पुणेकर या दोघांनींही हें सारखेंच ध्यानीं ठेविलें पाहिजे.