घंटेची फेरी

(सुवर्णमहोत्सवी क्रीडास्पर्धांच्या पारितोषिक वितरणप्रसंगी केलेले भाषण)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. मैदानावर बोलण्याचा माझा अधिकार फारच तोकडा आहे. तरीही आज एका शब्दाविषयी बोलावयाचे ठरविले आहे. तो शब्द म्हणजे 'बेल लॅप'. आपल्याकडे बेल म्हटले की प्रथम बेलाचे पान आठवते. येथील बेल मात्र घंटा आहे आणि लॅप म्हणजे धावमार्गाची एक पूर्ण फेरी. शर्यतीत आघाडीचा धावपटू अखेरच्या फेरीत पाऊल टाकतो, त्या क्षणी रेषेजवळ घंटा वाजवितात. ती वाजल्यापासून शर्यत संपेपर्यंतची जी फेरी, ती बेल लॅप. अमेरिकेत काही ठिकाणी घंटेऐवजी पिस्तुलाचा बार काढीत, म्हणून तेथे 'गन लॅप' हाही शब्द रूढ झाला.

मराठीत यासाठी नेमका शब्द नाही. 'अंतिम फेरी' म्हणावे, तर आपली वृत्तपत्रे तो शब्द फायनलसाठी वापरतात. 'अमुक खेळाडू अंतिम फेरीत' असे वाचले, तर तो धावतो आहे की उद्या धावणार आहे, हे कळावयाचे नाही. म्हणून मी आपला साधेपणाने 'घंटेची फेरी' म्हणतो. भाषापंडितांनी क्षमा करावी.

धावमार्ग चारशे मीटरचा असतो. आठशे मीटरच्या शर्यतीत पहिली फेरी संपताच घंटा होते. दहा हजार मीटरच्या शर्यतीत पंचवीस फेऱ्या, म्हणजे चोविसावी संपल्यावर. आता ही घंटा हवीच कशाला? पंचवीस फेऱ्या धावणाऱ्याला आकडा लक्षात राहत नाही, हे एक कारण. नियमही असा, की अखेरच्या फेरीची सूचना प्रत्येक धावपटूला द्यावी, आणि ती सामान्यतः घंटा वाजवून. सायकलींच्या शर्यतीतही हीच प्रथा आहे.

मोजणी चुकली तर काय होते, त्याची साक्ष इतिहासात आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत फेऱ्या मोजणाऱ्यांची चूक झाली आणि सर्व धावपटूंना एक फेरी जादा धावावी लागली. तीन हजारांचे अंतर सुमारे ३४६० मीटर झाले! फिनलंडचा इसो-होलो पहिला आला, तो दोन्ही हिशेबांनी पहिलाच होता. परंतु तीन हजार मीटरला दुसरा असलेला अमेरिकेचा मॅक्क्लस्की त्या जादा फेरीत मागे पडून तिसरा ठरला. याउलट २०१९ मध्ये लोझान येथे इथिओपियाचा हागोस गेब्रहिवेत पाच हजार मीटरची शर्यत जिंकली असे समजून थांबला, हातही उंचावले. फेरी एक शिल्लक होती. तो दहावा आला.

माझ्या मते या शब्दाचे खरे मर्म १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये आहे. आठशे मीटरच्या निर्णायक शर्यतीत घंटा वाजली तेव्हा सर्वांच्या पुढे आपला श्रीराम सिंग होता. पहिले चारशे मीटर त्याने ५०.८५ सेकंदांत कापले होते. घंटेनंतर क्युबाचा आल्बेर्तो ज्वान्तोरेना पुढे सरकला आणि १ मिनिट ४३.५० सेकंदांचा जागतिक विक्रम करून जिंकला. श्रीराम सिंग सातवा आला. वाचताना हळहळ वाटते. परंतु त्याची १ मिनिट ४५.७७ सेकंद ही वेळ भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून तब्बल बेचाळीस वर्षे अबाधित राहिली; २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने ती मोडली. घंटेला पुढे असणे आणि फितीला पुढे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. पण त्याने तो वेग धरला नसता तर ती शर्यत तशी झाली असती का, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

आपल्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले. आठ मिनिटांहून अधिक काळ अडथळे आणि पाणी ओलांडून शेवटी केनियाच्या किबिवोतपेक्षा तो अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे राहिला. एवढ्या वेळात माझी कात्रीसुद्धा उघडत नाही.

हल्ली आमच्या वयाच्या मंडळींना कोणी प्रेमाने म्हणतात, 'आता तुमची शेवटची फेरी.' त्यात 'सावकाश चला' असा अर्थ दडलेला असतो. मैदानावरील अर्थ नेमका उलट आहे. लांब पल्ल्याच्या मोठ्या शर्यतींत घंटेची फेरी बहुधा सर्वांत वेगवान असते, कारण धावपटूने तिच्यासाठी बळ राखून ठेवलेले असते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मो फाराने दहा हजार मीटरमधील अखेरचे चारशे मीटर चोपन्न सेकंदांच्या आत कापले होते, तेही चोवीस फेऱ्या धावून झाल्यावर.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. मी बी.कॉम.ला असताना महाविद्यालयाच्या क्रीडादिनी घंटेपाशी माझी नेमणूक झाली. हिशेबाचा विद्यार्थी म्हणून फेऱ्या मोजण्याचे कामही मलाच दिले. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. आरंभ समोरच्या बाजूने होतो आणि धावपटू प्रथम रेषेवरून जातात तेव्हा अर्धीच फेरी झालेली असते. मी तिला पूर्ण एक धरले, एकूण बारा मानल्या, आणि अकराव्या खुणेलाच घंटा वाजविली. आठशे मीटर शिल्लक असताना चारशेची घंटा! आघाडीवर माझा वर्गमित्र होता. त्याने जे होते नव्हते ते सारे त्या फेरीत ओतले, रेषेवर आला आणि तेथेच बसला. अजून एक फेरी आहे, हे त्याला सांगावयास पुढे झालो तो मीच. तो उठला, धावला, पण चौथा आला. शिक्षकांनी मला काही म्हटले नाही, त्यानेही नाही. पितळेची ती घंटा मात्र कित्येक दिवस माझ्या कानांत वाजत होती.

तो मित्र आजही दुकानी येतो. घरच्या लग्नाचे कापड माझ्याकडूनच नेतो. मी ताग्यावर गज लावला की हळूच म्हणतो, "शेठ, अर्ध्याचा एक करू नकोस."