मोजायचे तर धुऱ्यापासून मोजा



जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर जागतिक विक्रम झाला. एका लेनचा ७५ किलोमीटर लांब डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाला. ७२० माणसे राबली. गिनीज बुकात नोंद झाली. खडी, डांबर, यंत्रे आणि माणसे दिवसरात्र वेळेवर हजर ठेवणे सोपे नसते. राबणाऱ्यांचे कौतुक आम्ही मोकळ्या मनाने करतो.

आता हिशोब करू. तासाला सातशे मीटर सडक झाली. या वेगाने एक किलोमीटर पांदणीला दीड तास पुरे! महामार्गाचा पाया तयार होता, पांदणीला तो नाही, हे आम्ही जाणतो. मग तो पाया का नाही, एवढाच आमचा सवाल आहे.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात भेगाळते. दोन्ही बाजूंनी नाली काढल्याशिवाय नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात तो मातीत जिरतो. खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच निचरत नाही. या मातीवर टिकेल अशी स्वस्त पांदण करणे, हे वऱ्हाडातले खरे नवे तंत्रज्ञान ठरेल. पण ते कोणाच्या मोजणीत आहे?

केंद्राचा लीड्स अहवाल २०१८ पासून मालवाहतुकीच्या सोयींवर राज्यांची प्रतवारी लावतो. नीती आयोगाचा २०१९ पासूनचा नवोन्मेष निर्देशांकही राज्यांचाच. न्हावाशेवा आणि अचलपूर एकाच बेरजेत! त्या बेरजेत वऱ्हाड दिसणार कसे?

ही गोष्ट आजची नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे गोऱ्यांच्या कंपनीने टाकली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिथे १९९४ पर्यंत चालले. कापूस वाहून गेला, सुधारणा आली नाही. आज ती गाडीच बंद आहे.

पांदण बंद असली की शेतकऱ्याला बाजार एकच उरतो, दारात आलेला खेडा खरेदीवाला. तो सांगेल तो भाव. वाहतूक हा म्हणून भावाचाच प्रश्न आहे.

तेव्हा मोजणी आपणच सुरू करू. प्रत्येक गावाने वहीत चार रकाने आखावे. पावसाळ्यात किती दिवस बंडी-ट्रॅक्टर शेतात जाऊ शकले नाही. धुऱ्यापासून जिनिंगपर्यंत क्विंटलमागे भाडे किती पडले. बाजार समितीच्या फाटकावर किती तास गाडी उभी राहिली. आणि गावात विकल्याने क्विंटलमागे किती रुपये कमी मिळाले.

वेचणी संपताच दोन्ही जिल्ह्यांच्या वह्या एकत्र करू आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू. महामार्गाची मिनिटे मोजता येतात, तर आपले तासही मोजता येतील.