विज्ञानाच्या तासाला आलेख कसा शिकवावा
(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निरीक्षण, नोंद आणि निष्कर्ष ह्या विज्ञानशिक्षणाच्या तीन पायऱ्या होत. नोंदीकडून निष्कर्षाकडे जाताना मूल बहुधा अडखळते. आकड्यांचा तक्ता त्याच्यापुढे असतो. परंतु त्यातील अर्थ त्यास दिसत नाही. तो अर्थ डोळ्यांस दिसावा, एवढ्यासाठीच आलेख काढावयाचा असतो.

पुणे शहरातील कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा एक प्रयोग उदाहरणादाखल घ्यावा. चंचुपात्रात पाणी तापत ठेवावे व दर दोन मिनिटांनी तापमापकावरील अंश मुलांकडून वाचून घ्यावेत. समजा, आरंभी 28 अंश सेल्सिअस आणि नंतर क्रमाने 41, 54, 67, 80, 92, 98, 98, 98 अशा नोंदी मिळाल्या. आता आलेख काढावयाचा.

प्रथम मुलांना विचारावे, "आपण ठरविले ते काय, आणि मोजले ते काय?" वेळ आपण ठरविली; ती आडव्या अक्षावर घ्यावी. तापमान मोजले; ते उभ्या अक्षावर घ्यावे. प्रत्येक अक्षावर राशीचे नाव व एकक लिहिल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये. नंतर प्रमाण ठरवावे. आडव्या अक्षावर 1 सेंटीमीटर म्हणजे 2 मिनिटे व उभ्या अक्षावर 1 सेंटीमीटर म्हणजे 10 अंश घेतल्यास आलेख वहीच्या पानावर नीट मावतो. पुष्कळ मुले अक्षावर समान अंतरे आखतात व त्यांखाली तक्त्यातील आकडेच ओळीने मांडतात: 28, 41, 54, 67 आणि शेवटी 98, 98, 98. असा आलेख शेवटपर्यंत सरळ चढतच जातो आणि पाणी उकळू लागल्याचे त्यात कोठेच दिसत नाही. समान अंतरास समान मूल्य, हा नियम म्हणून पक्का करून घ्यावा. बिंदू टोकदार पेन्सिलीने द्यावेत, आणि आलेखास शीर्षक असावे.

आलेख पुरा झाला की तो वाचावयास शिकवावे. रेषा आधी चढत जाते व पुढे आडवी होते. चूल तर पेटलेलीच आहे. मग तापमान का वाढत नाही? ह्या प्रश्नातून, उष्णता आता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, हे मुलांच्याच तोंडून वदवून घेता येते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयाची आहे. पुस्तकात पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंश दिलेला असतो. तो समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे 98 अंशांवरच उकळते. महाबळेश्वरास ते आणखी कमी अंशांवर उकळते. मुलाने 98 अंशांवर दिलेला बिंदू शिक्षकाने खोडून 100 वर नेला, तर ते मूल पुढील वेळी तापमापकाकडे पाहणारच नाही. ते पुस्तकात पाहून बिंदू देईल. एका बिंदूपायी प्रयोगावरील त्याची श्रद्धाच नाहीशी होईल. आकडा अनपेक्षित आला, तर तापमापक तपासावा, प्रयोग पुन्हा करावा. परंतु नोंद बदलू नये.

रेषा केव्हा काढावी व स्तंभ केव्हा, ह्याविषयीही गोंधळ आढळतो. चौथ्या व सहाव्या मिनिटांच्या दरम्यान पाण्यास काही तापमान होतेच. म्हणून बिंदू रेषेने जोडणे योग्य. महिनावार पावसाचे तसे नाही. जूनचा पाऊस वेगळा, जुलैचा वेगळा. तेथे स्तंभच काढावेत.

पावसाच्या आकड्यांना पुण्यात काही तोटा नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले व 1944 पर्यंत तेथे होते. शिवाजीनगरची ती वास्तू 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. पुण्यास वर्षाकाठी सरासरीने सुमारे 70 सेंटीमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरास 500 सेंटीमीटरांहून अधिक. एका मुलास पुण्याचा व दुसऱ्यास महाबळेश्वरचा स्तंभ स्वतंत्र कागदावर, आपापल्या सोयीच्या प्रमाणात काढावयास सांगावे. दोन्ही स्तंभ सारख्याच उंचीचे येण्याचा संभव आहे. मग 1 सेंटीमीटर म्हणजे 50 सेंटीमीटर पाऊस हे एकच प्रमाण द्यावे. पुण्याचा स्तंभ दीड सेंटीमीटरही भरणार नाही आणि महाबळेश्वरचा दहांच्या वर जाईल. प्रमाण न पाहता आलेखावर विश्वास ठेवू नये, हे मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.

खेड्यातील शाळेत आलेखाचा कागद किंवा तापमापक नसेल, तरी अडून राहू नये. गणिताची चौकटीची वही पुरेशी आहे. गावच्या विहिरीत दोर सोडून, काठापासून पाणी किती खोल आहे ते दर सोमवारी, शिक्षक जवळ असताना, मोजावे. शून्य वर मांडून खोली खालच्या दिशेने दाखवावी, म्हणजे पाणी उतरले की रेषाही उतरताना दिसेल. हा आलेख वर्षभर वर्गाच्या भिंतीवर असावा. ज्या सोमवारी मोजमाप झाले नाही, तेथे जागा मोकळी सोडावी. अंदाजाने बिंदू देऊ नये. दुसऱ्या वर्षीची रेषा त्याच कागदावर वेगळ्या रंगाने काढली, तर यंदा पाणी केव्हा आटू लागले हे मुलांना दिसेल, आणि त्यांच्या पालकांनाही ते पाहावयास बोलावता येईल.