वाळूतली अंडी



मुलगा की मुलगी हे गुणसूत्रं ठरवतात, असं बाईंनी शिकवलं होतं. समुद्री कासवांचं तसं नसतं, हे मला यंदा वेळासच्या किनाऱ्यावर कळलं. ऑलिव्ह रिडलेची मादी शंभरेक अंडी वाळूत पुरून निघून जाते. पुढचं वाळू ठरवते. वाळू गार असेल तर नर जास्त, तापलेली असेल तर माद्या. उन्हाळे असेच वाढत गेले तर नर कुठून यायचे?

लहानपणी आपल्यातल्या काहींनी हीच अंडी उकरून खाल्ली आहेत. नावं घेत नाही, त्यात मीही आहे! वेळासला २००२ पासून ती कुंपणात जपतात. मी गेले त्या संध्याकाळी २७ पिल्लं समुद्रात गेली. पुढच्या मार्चमध्ये कोण कोण येणार, सांगा. गाडी मी काढते.